उकिरड्याचें दैव

शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांत राजे असतात, लढाया असतात, तह आणि सनदाही असतात. परंतु त्या राजांच्या राजधानींतील लोक रोज सकाळीं घराबाहेर काय फेंकीत, आणि तें पुढें कोठें जाई, याविषयीं त्या पुस्तकांत एक ओळही सांपडत नाहीं. तीस-पस्तीस वर्षें मीं हा विषय शिकविला. अभ्यासक्रमांत केराला कधींच जागा नव्हती. वास्तविक केराचा इतिहास फार बोधप्रद आहे. शहरांत सांचणाऱ्या केराची व्यवस्था लावण्याचे मुख्य मार्ग तीनच: तो जाळावा, तो पुरावा, अथवा त्यांतील उपयोगी भाग निवडून पुन्हां कामास लावावा. यांपैकीं कोणता मार्ग केव्हां पुढें आला, तो कोठें साधला, कोठें फसला, आणि त्या फसण्याशीं आपल्या घरांतील केरसुणीचा काय संबंध आहे, एवढेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

जुन्या खेड्यांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. परसांतील उकिरड्यावर शेण, राख, पालापाचोळा, उष्टेंखरकटें पडे आणि पावसाळ्यापूर्वीं तेंच खत म्हणून गाडींतून शेतांत जाई. जुन्या लुगड्यांची गोधडी होई. गोधडीच्याही कामाचें न उरलेलें कापड चुलीपाशीं फडकें म्हणून झिजे. शहरांतही बोहारीण जुने कपडे घेऊन भांडें देई. रद्दी, बाटल्या आणि पत्र्याचे डबे घेणारे दारावर येत. बारा वर्षांनीं उकिरड्याचेंही दैव उघडतें, अशी आपल्याकडे म्हण आहे. उकिरड्याचें खत होतें आणि खताचें धान्य होतें, हें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें त्यांच्याच तोंडीं ती शोभते. शहराची गोष्ट निराळी. तेथें धान्य, भाजी, कोळसा, कापड, कागद हें सारें बाहेरून येतें. परंतु त्याचें उरलेंसुरलें शेताकडे परत जावयास वाट राहत नाहीं. आंत येणारा रस्ता रुंद आणि बाहेर जाणारा अरुंद झाला, म्हणजे मध्यें ढीग सांचणारच.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडन शहरांत हा ढीग विकला जाई, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. तेथें घरोघरीं दगडी कोळसा जळे. त्यामुळें केरांत मोठा भाग राखेचा आणि अर्धवट जळलेल्या कोळशाचा असे. विटा करणारांना ही राख हवी असे. बारीक राख ते मातींत मिसळीत आणि जाड कोळसा भट्टीला जळण म्हणून वापरीत. यास्तव राख उचलण्याचा मक्ता मिळावा म्हणून ठेकेदार त्या त्या भागाच्या स्थानिक संस्थेला उलट रक्कम देत. ठेकेदाराच्या आवारांत बायका मोठाल्या चाळण्या घेऊन राखेच्या ढिगांत उभ्या राहत आणि हाडें, चिंध्या, कांच, धातूचे तुकडे वेगवेगळे काढीत. हाडें खतासाठीं जात, चिंध्या कागदाच्या गिरणींत जात. कारण त्या काळीं कागद मुख्यतः चिंध्यांचाच होत असे. चार्ल्स डिकन्सची 'आवर म्यूच्युअल फ्रेंड' ही कादंबरी १८६४-६५ मध्यें प्रसिद्ध झाली. तींतील एका घराण्याची सारी संपत्ति अशाच राखेच्या ढिगांतून आलेली आहे.

परंतु ही व्यवस्था बाजारभावावर उभी होती. शहर जसजसें वाढलें तसतशी राख मागणीपेक्षां अधिक निघूं लागली. मक्त्यासाठीं पैसे देणारे ठेकेदार आतां केर उचलण्यासाठीं पैसे मागूं लागले. केराला भाव होता तोंवर तो उचलणारे हात होते. भाव गेला तसे ते हातही आंखडले. तेव्हां केर जाळून टाकावा हा विचार पुढें आला.

इंग्लंडांतील नॉटिंगहॅम शहरीं १८७४ सालीं आल्फ्रेड फ्रायर याच्या आराखड्याप्रमाणें केर जाळण्याची भट्टी बांधण्यांत आली. तिला 'डिस्ट्रक्टर', म्हणजे संहारक, असें नांव मिळालें. आरंभींच्या भट्ट्यांत आंच मंद असल्यामुळें धूर व दुर्गंधि फार होई. पुढें हवेचा झोत सोडून आंच वाढविण्यांत आली. लंडनमधील शोरडिच भागांत १८९७ सालीं उघडलेल्या केंद्रांत केराच्या आंचेवर वाफ आणि वाफेवर वीज उत्पन्न होऊं लागली. शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहालाही ही उष्णता पुरविली जाई. धुळींतून प्रकाश आणि शक्ति, अशा अर्थाचें लॅटिन ब्रीद त्या इमारतीवर कोरण्यांत आलें. त्या पिढीचा उत्साह त्या ब्रीदांत दिसतो.

जर्मनींतील हॅम्बुर्ग शहराला हा मार्ग धरावा लागला तो मात्र नाइलाजानें. १८९२ च्या उन्हाळ्यांत तेथें कॉलरा उसळला आणि थोड्याच आठवड्यांत आठ हजारांहून अधिक माणसें दगावलीं. तोंवर हॅम्बुर्गचा केर आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर जात असे. साथीनंतर त्या शेतकऱ्यांनीं तो घेण्याचें साफ नाकारलें. शेवटीं शहरानें इंग्रजी धर्तीची भट्टी बांधली. १८९६ पासून ती नियमित चालूं लागली. असाच प्रसंग पुढें सव्वाशें वर्षांनीं पुण्यापाशीं घडला. २०१७ च्या उन्हाळ्यांत उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनीं पुण्याच्या केराच्या गाड्या सुमारें तीन आठवडे अडवून धरल्या. शहरानें सुखानें राहावें आणि त्याची घाण आमच्या शिवारांत यावी हा कोणता न्याय, हा त्यांचा प्रश्न हॅम्बुर्गच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नाहून वेगळा नव्हता.

तर मग सर्वत्र भट्ट्याच कां बांधूं नयेत? याचें उत्तर केराच्या पोटांत आहे. इंग्लंडांतील भट्ट्या चालल्या, कारण तेथील केरांत कोळसा होता. तो केर अर्धाअधिक स्वतःच जळण होता. ही गोष्ट विसरून तेंच यंत्र दुसऱ्या देशीं नेलें तर काय होतें, याचा अनुभव दिल्लीनें घेतला. १९८७ सालीं तिमारपूर येथें डेन्मार्कच्या यंत्रसामग्रीवर, दिवसाला ३०० टन केर जाळून वीज करणारें केंद्र उभारण्यांत आलें. तें थोडेच दिवस चाललें आणि बंद पडलें. दिल्लीच्या केरांत भाजीचे देठ, फळांच्या साली, माती आणि पाणी यांचाच भरणा. जळण्याजोगा कागद व कापड रद्दीवाल्यांनीं आणि केर वेंचणारांनीं आधींच उचललेलें. असला ओला केर आपल्या बळावर जळत नाहीं. त्याला जाळण्यासाठीं वेगळें इंधन जाळावें लागतें. शिवाय जळलें तें नाहींसें झालें असेंही समजूं नये. १९७७ सालीं हॉलंडमधील संशोधकांना अशा भट्ट्यांच्या राखेंत डायॉक्सिन नांवाचीं अत्यंत विषारी द्रव्यें आढळलीं. तेव्हांपासून भट्टीचा धूर गाळण्याच्या यंत्रांवर फार मोठा खर्च करणें भाग पडलें.

आतां दुसरा मार्ग, पुरण्याचा. मुंबईकरांना तो विशेष परिचयाचा असावयास हवा, कारण मुंबईची कांहीं जमीन केरानेंच भरून निघालेली आहे. हॉर्नबी वेलार्ड हा बांध अठराव्या शतकांत घातला गेल्यावर समुद्र मागें हटला. पण महालक्ष्मी, भायखळा या भागांतील सखल जमीन दलदलीचीच राहिली. इंग्रज तीस 'फ्लॅट्स' म्हणत. एकोणिसाव्या शतकांत शहर झाडून निघालेला केर या सखल जागेंत टाकून ती भरून काढण्यांत आली. आज त्या भूमीवर गजबजलेल्या वस्त्या आहेत, आणि तेथें राहणारांपैकीं फार थोड्यांना आपल्या पायांखालीं काय आहे हें माहीत असेल.

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, आणि या शहराला केराकडे डोळे उघडून पाहणें भाग पडलें. रोग दुर्गंधीपासून होतो अशी त्या काळीं प्रबळ समजूत होती. म्हणून गटारें धुतलीं गेलीं, घरांना चुना फासला गेला, केराचे ढीग हलविले गेले. उंदराच्या अंगावरील पिसवांमुळें हा रोग पसरतो, हें फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनीं १८९८ सालीं दाखविलें. त्या वर्षांतील एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाहीं. सरकारी उपाय फार सक्तीचे होते. रोग्यांना घरांतून उचलून नेत आणि लोक भिऊन शहर सोडीत. अशा वेळीं हलालखोर आणि झाडूवाले हेही निघून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाहीं, ही धास्ती म्युनिसिपल अधिकाऱ्यांना पडली, आणि आरंभींची सक्ती त्यांना कांहींशी सैल करावी लागली. ज्यांना समाजानें शिवूनही घेतलें नाहीं, त्यांच्या हातांवर सारें शहर उभें आहे, हें त्या एका शरदऋतूंत सरकारला कळलें. तें समाजाला कितपत कळलें, हा प्रश्न वेगळा.

शहर वाढलें तसा केर आणखी पुढें सरकला. १९०६ सालीं कुर्ल्याहून चेंबूरकडे एकेरी लोहमार्ग झाला आणि शहराचा केर त्या बाजूस जाऊं लागला. प्रवाशांसाठीं हा मार्ग १९२४ सालीं खुला झाला; म्हणजे चेंबूरला माणसांच्या आधीं केरानें आगगाडीचा प्रवास केला. १९२७ पासून देवनारची जागा केरासाठीं वापरांत आली. ती त्या वेळीं शहराबाहेर दूर, खाडीच्या कांठीं होती. शहराबाहेरची कोणतीही जागा दोन पिढ्यांनंतर शहराबाहेर राहत नाहीं, हा मुंबईचा इतिहास आहे.

केर पुरण्यालाही शास्त्र आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामधील फ्रेस्नो शहरीं जीन व्हिन्सेन्झ या अधिकाऱ्यानें १९३७ सालीं नवी पद्धति सुरू केली. लांब चर खणावयाचे, केर त्यांत पसरून यंत्रानें दाबावयाचा, आणि रोज संध्याकाळीं त्यावर मातीचा थर द्यावयाचा. उंदीर, माशा, दुर्गंधि आणि आग या चारही उपद्रवांना त्यामुळें आळा बसला, आणि पुढें ही रीति सर्वत्र अनुकरणीय ठरली. परंतु मातीनें झांकलेल्या केराला हवा मिळत नाहीं. हवेवांचून कुजतांना त्यांतून मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु निघतो, आणि पावसाचें पाणी त्यांतून झिरपून विषारी द्रव्यांसह जमिनींत उतरतें. फ्रेस्नोची ती जागा १९८७ सालीं बंद झाली. १९८९ सालीं अमेरिकन सरकारनें तिची गणना देशांतील अत्यंत दूषित जागांच्या यादींत केली, आणि २००१ सालीं त्याच जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान दिला. एकाच भूमीला हे दोन्ही सन्मान मिळावे, यांत या मार्गाचा गुणही आहे आणि दोषही आहे.

देवनारला तर रोजच्या मातीच्या थराचा, खालच्या अस्तराचा असा बंदोबस्त पहिल्यापासून नव्हता. २०१६ च्या जानेवारी-अखेरीस तेथील ढिगाला आग लागली. तिचा धूर इतका पसरला कीं, अमेरिकेच्या नासा संस्थेच्या उपग्रहचित्रांत तो स्पष्ट दिसला, आणि महानगरपालिकेला आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. नव्वद वर्षें मुंबईनें जें डोळ्यांआड केलें होतें, तें असें आकाशांत वर आलें.

जाळणें आणि पुरणें या दोहोंच्या अपयशाकडे नीट पाहिलें, तर त्यांत एकच कारण वारंवार दिसतें. केर सरमिसळ होता. ओल्यामुळें सुकें जळलें नाहीं. सुक्यामुळें ओल्याचें खत झालें नाहीं. आणि दोन्ही एकत्र पुरल्यामुळें जमीन बिघडली. ही गोष्ट लोकांना पूर्वीं कळली नव्हती काय? पुरती कळली होती. पॅरिसचा अधिकारी यूजेन पूबेल यानें १८८३ च्या नोव्हेंबरांत असें फर्मान काढलें कीं, प्रत्येक घरमालकानें भाडेकरूंसाठीं झांकणाच्या पेट्या ठेवाव्या. कुजणाऱ्या पदार्थांची एक, कागद व चिंध्यांची दुसरी, आणि कांच, चिनीमातीचीं भांडीं व कालवांचे शिंपले यांची तिसरी. घरमालकांनीं खर्चाबद्दल कुरकुर केली. केर निवडून पोट भरणारे लोक तर धंदा बुडाला म्हणून संतापले. तीन पेट्यांचा नियम टिकला नाहीं. पेटी मात्र टिकली, आणि आजही फ्रेंच भाषेंत केराच्या पेटीला त्या अधिकाऱ्याच्याच नांवानें 'पूबेल' म्हणतात.

न्यूयॉर्क शहरांत कर्नल जॉर्ज वॉरिंग १८९५ सालीं सफाईखात्याचा प्रमुख झाला. तोंवर तेथील पुष्कळसा केर समुद्रांत लोटण्यांत येई आणि लाटांबरोबर किनाऱ्यावर परत येई. वॉरिंगनें झाडूवाल्यांना पांढरे शुभ्र गणवेश दिले, जेणेंकरून लोकांनीं त्यांच्याकडे आरोग्यरक्षक म्हणून पाहावें. घरोघरीं राख, खरकटें आणि कोरडा केर वेगवेगळा ठेवण्याचा नियम त्यानें केला. खरकट्यांतून चरबी व खत काढण्यांत येई. कोरड्या केरांतून विकण्याजोगें निवडून काढीत. शाळकरी मुलांचीं सफाई-मंडळेंही त्यानें स्थापन केलीं. घरीं जाऊन आईबापांना वळण लावण्याचें काम या मुलांनीं केलें. १८९८ च्या आरंभीं शहरांतील सत्ता बदलली, वॉरिंगचें पद गेलें, आणि त्याच वर्षीं पीतज्वरानें त्याचा अंत झाला. एका माणसाच्या करड्या शिस्तीवर उभें राहिलेलें काम पुढें हळूहळू ढिलें पडलें.

आपल्या देशांत तिसऱ्या मार्गाचा पाया होळकरांच्या इंदुरांत घातला गेला, हें महाराष्ट्रांतील श्रोत्यांना अगत्यानें सांगावेंसें वाटतें. इंदूरच्या वनस्पतिसंशोधन संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत पालापाचोळा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर रचून, ते ठराविक दिवसांनीं उलथून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीति बसविली. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या विषयाच्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेंही नांव आहे. ही 'इंदूर पद्धति' पुढें देशोदेशीं गेली, आणि शहराच्या ओल्या केरालाही ती लागू पडते असें दिसून आलें.

त्याच इंदूर शहरानें २०१६ नंतर ओला आणि सुका केर दारांतच वेगळा घेण्याचा निश्चय केला. गाडींत निराळे कप्पे केले, आणि मिसळलेला केर नाकारण्याचा खंबीरपणा दाखविला. देवगुराडिया येथें सांचलेला सुमारें १३ लाख टन जुना केर चाळून, निवडून ती जमीन मोकळी करण्यांत आली. २०१७ पासून पुढें सलग अनेक वर्षें देशांतील स्वच्छ शहरांत इंदूरचा पहिला क्रमांक लागला. २०२२ सालीं तेथें ओल्या केरापासून वाहनांचा वायु करणारा, दिवसाला ५५० टनांचा कारखाना सुरू झाला. लक्षांत घ्या, देवनारला आग लावणारा आणि इंदुरांत बस चालविणारा वायु एकच आहे, मिथेन. भेद आहे तो केर निवडण्याचा.

पुण्यानें दुसरी एक गोष्ट दाखवून दिली. केर वेंचणाऱ्या स्त्रियांनीं १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना स्थापन केली. आम्ही चोर नाहीं, आम्ही शहराचें काम करतों, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांना ओळखपत्रें मिळालीं. आणि २००८ पासून त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेकडे घरोघर जाऊन केर घेण्याचें काम महानगरपालिकेनें सोंपविलें. पॅरिसनें पेट्या आणल्या तेव्हां केर निवडणारे संतापले होते. पुण्यानें त्यांनाच पेटीपाशीं बोलावलें. लंडनच्या राखेंत चाळणी घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना जें कधीं मिळालें नाहीं, तें येथें थोडेंबहुत मिळालें.

सरकारनें २००० सालीं आणि पुन्हां २०१६ सालीं केराविषयीं नियम केले. २०१६ च्या नियमांत प्रत्येक घरानें केराचे तीन भाग करावे असें सांगितलें होतें: कुजणारा, न कुजणारा, आणि घरांतील धोकादायक. म्हणजे पूबेलच्या तीन पेट्या एकशें बत्तीस वर्षांनीं आपल्या दारांत येऊन उभ्या राहिल्या. मध्यंतरीं केर मात्र बदलला. उकिरड्यावर टाकलेलें केळीचें पान एका पावसाळ्यांत मातींत मिळे; प्लॅस्टिकची पिशवी अनेक पावसाळे पाहते आणि तशीच राहते. म्हणून आजोबांच्या काळीं जें न निवडतां निभलें, तें आज निभत नाहीं.

श्रोतेहो, भट्टी, भरावाची जागा, खताचा कारखाना हीं सर्व साधनें शहराला लागतीलच. यांतील एकानेंच सारें होईल असें मुळींच नाहीं. जें कशाच्याही कामाचें नाहीं तें पुरावें लागेल, जें खरोखर कोरडें आहे आणि दुसऱ्या कामाचें नाहीं तें जाळतां येईल. परंतु कोणतें कोठें जावें याचा निर्णय नगराध्यक्षाच्या कचेरींत होत नाहीं. तो सकाळीं स्वयंपाकघरांत, भाजी निवडतां निवडतां होतो. देठ आणि प्लॅस्टिकची पिशवी एका डब्यांत पडली कीं, पुढच्या कोट्यवधि रुपयांच्या यंत्राचें निम्मेंअधिक काम तेथेंच बिघडलें. शिवाय तीं दोन्हीं पुन्हां वेगळीं करावयास कोणाचे तरी हात त्या घाणींत घालावे लागतात. ते हात कोणाचे, हें आपण सर्व जाणतों.

बारा वर्षांनीं उकिरड्याचें दैव उघडतें, असें पूर्वीं म्हणत. इंदूरच्या रीतीनें तें तीन महिन्यांत उघडतें. अट एवढीच कीं, घरांत दोन डबे असावे आणि कोणता कशाचा हें घरांतल्या लहान मुलालाही सांगतां यावें.